जुन्या मालमोटारीच्या तेलाचा काटा

धान्याच्या व्यापाऱ्याने स्मरणिकेत लिहावयाचे ते तुरीच्या भावाविषयी किंवा बाजार समितीच्या कायद्याविषयी, अशी आपल्या सभासद बंधूंची अपेक्षा असणार. परंतु ज्यांच्या नावावर एखादी मालमोटार आहे किंवा कधी काळी होती, त्यांस हे ठाऊक आहे की क्विंटलमागे चार-चार रुपये करून वर्षभर जमविलेला नफा ती मोटार एका रात्रीत गिळू शकते. प्रस्तुत लेखकास ही गोष्ट स्वतःच्या खर्चाने शिकावी लागली. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेलो नाही, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जे पुढे लिहिले आहे ते मिस्त्री लोकांच्या शेजारी उभे राहून, प्रश्न विचारून आणि चुकून मिळविलेले आहे.

हैदराबाद आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. राज्य विभागले तरी तुरीचा रस्ता विभागला नाही. लातूर, उदगीर, नांदेड येथील माल आपल्या बाजारात पूर्वीसारखाच येत राहिला. पूर्वी रेल्वेने येई तो पुढे बराचसा मोटारीने येऊ लागला. मोटारीच्या वाहतुकीची सवय या शहराला जुनी आहे. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक मोटार वाहतूक सुरू केली होती. व्यापाऱ्यांच्या मालमोटारी मात्र खऱ्या अर्थाने वाढल्या त्या टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला गाड्या बांधावयास घेतल्यानंतर. तो करार १९६९ साली संपला, तरी चालकांच्या तोंडी ती गाडी पुढे कित्येक वर्षे 'बेंज'च राहिली.

आमच्या वडिलांनी १९८३ साली घेतलेली गाडी टाटा १२१० होती. या आकड्यातील १२ म्हणजे मालासह एकूण वजन १२ टनांच्या आसपास, आणि १० म्हणजे शंभरएक अश्वशक्ती. तिच्या इंजिनाचे नाव ६९७; म्हणजे सिलिंडर ६ आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. हा उलगडा आम्हांस गाडी घेतल्यानंतर बारा-तेरा वर्षांनी झाला. ज्या यंत्रावर घर चालत होते त्याच्या नावाचाही अर्थ आम्ही तोवर विचारला नव्हता, यावरून आमच्या तेव्हाच्या ज्ञानाची कल्पना वाचकांनी करावी.

१९९५ च्या वैशाखात गाडी लातूरहून येत असता जहीराबादजवळ समोरच्या फळीवरील तेलदाबाचा काटा एकाएकी शून्यावर आला. आमचे चालक वयाने वडिलांच्या बरोबरीचे. घरातील सर्व मंडळी त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तत्काळ इंजिन बंद केले, गाडी कडेला लावली आणि कोठीला दूरध्वनी केला. गाडी ओढून आणविली. ज्या कारखान्यात ती नेली तेथील लोकांनी खालचे तेलाचे चेंबर उतरविले, पंप काढला, बेअरिंगे पाहिली. सर्व ठीक निघाले. शेवटी कोणीतरी मीटरकडे जाणारी बारीक नळी सोडून पाहिली, तो ती एका वाकणीपाशी दबून बुजलेली! नळी बदलली, काटा उठला. दोन दिवस गेले, पैसे गेले, आणि आम्ही चाचांवरच चिडलो, की एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी गाडी रस्त्यात का थांबविली.

त्याच वर्षीच्या अखेरीस चाचा पुन्हा सांगू लागले, "सेठ, काटा बैठ रा." गाडीस जोर दिला की काटा वर जाण्याऐवजी थरथरत खाली येतो, उतारावर पाय काढला की पुन्हा वर चढतो, असे त्यांचे म्हणणे. दोन आठवड्यांत त्यांनी ते तीनदा सांगितले. आम्ही प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले, की मीटर खोटे आहे, मागे पाहिले ना, तिकडे लक्ष देऊ नका. १९९६ च्या जानेवारीत ७५ क्विंटल तूरडाळ घेऊन गाडी औसा, उमरगा या मार्गाने निघाली आणि हुमनाबादच्या अलीकडे रात्री इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. उजेडाची आणि माणसांची जागा मिळावी म्हणून चाचांनी गाडी सावकाश पुढे एका ढाब्यापर्यंत आणली, आणि तेथे इंजिन जाम झाले. नव्या तुरीची आवक सुरू होती, भाव दररोज उतरत होते. दुसरी मोटार मिळवून माल इकडे पोहोचावयास तीन दिवस लागले.

इंजिन खोलले तेव्हा एका कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेले आढळले. कारण त्याहून खाली होते. चेंबरच्या तळाशी पंपाच्या तोंडाला जी जाळी असते तिच्यावर काळ्या, चिवट खपल्या बसल्या होत्या. वैशाखात चेंबर परत बसविताना जोडावर शेलॅक सढळ हाताने लावले होते. आत पिळून निघालेला भाग सुटून तेलाबरोबर फिरत जाळीवर जमला होता. पुसण्याच्या सुताचे धागे त्यात गुंतले होते. म्हणजे खोट्या सूचनेवरून विनाकारण जे काम केले, त्याच कामाने खरा रोग आत पेरला. आणि त्याच खोट्या सूचनेमुळे खऱ्या सूचनेवरील आमचा विश्वास उडाला. हे सर्व डोळ्यांसमोर असताना आम्ही म्हणालो काय, तर ठोके ऐकल्यावर चाचांनी गाडी चालवावयास नको होती. त्यांच्या दोन महिन्यांच्या पगारातून निम्मी रक्कम कापून घेतली. ते काही बोलले नाहीत. होळीनंतर ते कामावर आले नाहीत.

आता तेलाचा दाब म्हणजे काय, हे आम्ही पुढे एका वृद्ध मिस्त्रीकडून जसे समजून घेतले तसे सांगतो. चेंबरातील तेल जाळीतून पंप ओढतो. पंपात दोन दातेरी चाके एकमेकांत फिरतात आणि प्रत्येक फेऱ्यास ठराविक तेल पुढे ढकलतात. तेथून ते गाळणीतून इंजिनाच्या अंगातील मुख्य वाहिनीत जाते; तेथून क्रँकच्या मुख्य बेअरिंगांस, क्रँकच्या पोटातील छिद्रांतून कनेक्टिंग रॉडांस, तसेच कॅमशाफ्टला आणि वर रॉकरला पोहोचते, आणि सर्व ठिकाणांहून गळून पुन्हा चेंबरात पडते. पंप तेल देतो, दाब देत नाही. दाब उत्पन्न होतो तो तेलास बेअरिंगांच्या अरुंद फटींतून बाहेर पडताना अडथळा होतो म्हणून. बागेच्या नळीच्या तोंडावर बोट धरले की पाणी जोराने उडते, बोट काढले की जोर जातो. नळातून येणारे पाणी मात्र तेवढेच. म्हणून काटा उतरला की प्रश्न तीनच उरतात. पंपाला तेल पुरेसे मिळते काय? पंपाने दिलेले तेल वाटेतच कोठे परत जाते काय? की शेवटच्या फटी रुंद झाल्या आहेत? आणि या तिन्हींच्या आधी चौथा प्रश्न, तो काट्याच्या खरेपणाचा.

हा चौथा प्रश्न व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको. वजनात तफावत आली तर आपण गिऱ्हाइकाशी भांडण्यापूर्वी काट्यावर माहितीचे वजन ठेवून पाहतो. येथेही तेच करावे. जुन्या गाड्यांतील मीटरात एक वाकडी पोकळ नळी असते; तेलाचा दाब आत शिरला की ती सरळ होऊ पाहते आणि काट्यास ओढते. यूजीन बुर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ साली तिचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षांत तिच्या तत्त्वात फरक पडलेला नाही. पुढच्या काळातील गाड्यांत नळीऐवजी इंजिनावर विजेचा संवेदक असतो आणि त्याची तार सैल झाली तरी काटा लोळतो. दोन्ही प्रकारांत उपाय एक: इंजिनावरील त्याच छिद्रास खात्रीचे दुसरे मीटर थेट जोडावे आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहावे. असे मीटर राणीगंजच्या मोटारसामानाच्या बाजारात सहज मिळते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. आम्ही १९९५ साली ते आधी केले असते तर चेंबर उतरविण्याची वेळ आली नसती. आणि तेच मीटर त्या वर्षाच्या अखेरीस जोडले असते तर चाचा खरे बोलत आहेत हे त्याच दिवशी कळले असते.

मीटर खरे ठरले तरी पाना उचलण्याची घाई करू नये. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी तेल मोजण्याची पट्टी काढावी. तेल कमी असेल तर वळणावर किंवा चढावर ते एका बाजूस जाऊन जाळी उघडी पडते आणि काटा क्षणभर पडतो. या आजाराचे औषध डब्यात आहे. परंतु तेल खुणेच्या वर गेलेले दिसले तर अधिक काळजी करावी, कारण इंजिनात तेल आपोआप वाढत नसते. दुसरे काहीतरी त्यात मिसळत असते. डिझेल मिसळले तर तेल पातळ होते, बोटांत चोळल्यास अंगच राहात नाही, आणि वास येतो. पांढऱ्या टीपकागदावर एक थेंब टाकून तासाभराने पाहावे. काळ्या ठिपक्याबाहेर तेलकट, फिकट कडे दूरवर पसरलेले दिसले तर संशय बळावतो. पाणी मिसळले असेल तर तेल ताकासारखे गढूळ होते, आणि तापलेल्या तव्यावर त्याचा थेंब तडतडतो. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरूच करू नये. हा तव्याचा प्रयोग घरातील तव्यावर करू नये हे आम्हांस नंतर सांगण्यात आले.

मग काट्याची चाल पाहावी, आणि या भागावर आमचा सर्वांत अधिक भर आहे. नुसते 'दाब कमी आहे' असे म्हणणे म्हणजे वैद्यास 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे. थंड इंजिनात किती, तापल्यावर उभ्या गाडीत किती, तापल्यावर जोरात किती, हे तीन आकडे वेगवेगळे लिहिले पाहिजेत. थंडपणी उत्तम आणि तापल्यावर उभ्या गाडीत लोळणारा काटा हा पातळ तेलाचा किंवा झिजलेल्या बेअरिंगांचा. थंडपणीही आणि तापल्यावरही सारखाच कमी असेल तर दाब-नियंत्रक झडप उघडी अडकली आहे काय ते पाहावे. तिच्या बैठकीवर घाणीचा एक कण बसला तरी तेल वाटेतूनच चेंबरात परत जाते. ही झडप पुष्कळदा सहज निघते आणि धुऊन परत बसविता येते. पंपाच्या चाकांची झीजही याच ओळीत येते. आणि जोर दिल्यावर वाढण्याऐवजी उतरणारा काटा, म्हणजे चाचांनी आम्हांस तीनदा सांगितलेला काटा, हा बहुधा बुजलेल्या जाळीचा किंवा ओढणाऱ्या नळीत हवा शिरत असल्याचा. कारण पंप जितका जोराने ओढतो तितकी त्याची उपासमार वाढते. त्यांच्या त्या एका वाक्यात संपूर्ण निदान होते.

दाब किती असावा, याचे खरे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. ती हरवली असल्यास मिस्त्री लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे, की इंजिन तापलेले असता दर हजार फेऱ्यांस चौरस इंचावर दहा पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.७ किलो, दाब असावा. उभ्या गाडीत इंजिन पाच-सहाशे फेऱ्यांवर असते, तेव्हा तेथे अर्ध्या किलोच्या जवळपास काटा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ सभासद तेवढ्यावरच घाबरतात, आणि सांगणाऱ्याला इंजिनाचे काम मिळते.

बेअरिंगांच्या फटीविषयी एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो होतो. फट दुप्पट झाली तर तिच्यातून गळणारे तेल दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. फट मुळात मिलिमीटरच्या शेकड्यांत मोजण्याइतकी बारीक. ती केसभर वाढली तरी काट्यावर मोठा फरक दिसतो तो यामुळे. म्हणूनच झीज हळूहळू होत असली तरी दाब शेवटी शेवटी भराभर उतरल्यासारखा वाटतो. येथे दोन युक्त्या बाजारात चालतात. एक, झडपेच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे. त्याने जोरातील वरचा दाब चढतो. परंतु तापलेल्या, उभ्या गाडीत झडप बंदच असते, त्यामुळे तेथील दाबात काडीचाही फरक पडत नाही. दुसरी युक्ती जाड तेल भरण्याची. त्याने काटा खरोखर वर येतो, आणि गाडी विकावयाची असेल तर विकणाऱ्यास ते सोयीचे असते. परंतु थंडीच्या पहाटे ते जाड तेल रॉकरपर्यंत पोहोचावयास वेळ घेते, आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. जुनी गाडी घेताना काटा फार वर दिसला तर तेल कोणते भरले आहे हे अवश्य विचारावे.

२०११ साली त्याच गाडीचा, म्हणजे नव्या क्रँकवर चालणाऱ्या त्याच इंजिनाचा, काटा पुन्हा उतरला. या वेळी आमच्याजवळ एक वही होती. तीत रोजमेळाप्रमाणे तारीख, किलोमीटर, थंड, तापलेला उभा, तापलेला जोरात, असे रकाने पाडून चालकाकडून आकडे घेण्याचा आम्ही परिपाठ ठेवला होता. उभ्या गाडीतील आकडा दोन महिन्यांत एक किलोवरून अर्ध्याच्याही खाली आला होता; थंडपणीचा थोडा कमी झाला होता; जोर दिल्यावर काटा वाढत होता. एका तरुण मिस्त्रीने पाहताक्षणी बेअरिंगे गेली असे सांगून इंजिन उतरविण्याचा अंदाज दिला. आम्ही दुसरे मीटर जोडले, आकडे तेच. पट्टी काढली तर तेल खुणेवर अचूक. येथे आम्ही फसलो असतो. परंतु ही गाडी एरवी दर पंधरवड्यास लिटरभर तेल खात असे, आणि त्या दोन महिन्यांत तिला एक थेंबही वरून घातला नव्हता, हे वहीवरूनच दिसले. म्हणजे तेल जळत होते आणि त्याची जागा दुसरे कोणीतरी भरून काढीत होते. वास घेतला, डिझेल! नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात यंत्रावर तपासविले, तेव्हा सहांपैकी दोन फवाऱ्याऐवजी थेंब टाकीत होते. न जळलेले ते डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरत होते. दोन्ही नोझलांची तोंडे बदलली, तेल व गाळणी बदलली, आणि उभ्या गाडीतील काटा पाऊण किलोवर येऊन थांबला. पूर्वीच्या एक किलोवर तो गेला नाही. तेवढी झीज झालेली होती, आणि पंधरा वर्षे चाललेल्या क्रँकला तो अधिकार आहे. त्या स्थितीत गाडी पुढे चार वर्षे चालली.

इंजिन खोलूच नये असे आमचे म्हणणे नाही. दाब एकाएकी शून्यावर आला, किंवा खाली ठोके ऐकू येऊ लागले, तर तेथल्या तेथे इंजिन बंद करावे, माल कोणाचाही असो. तेल बदलताना गाळणी कापून कागदाच्या घड्यांत चमकणारी धातूची भुकटी सापडली तर बेअरिंगे पाहावीच लागतात. परंतु चेंबर उतरवावयाचे ते सर्वांत शेवटी. आणि परत बसविताना तेथे स्वतः उभे राहून, शेलॅक किती लावतात ते पाहावे. अलीकडच्या गाड्यांत काट्याऐवजी पुष्कळदा नुसता दिवा असतो. तो दाब फार खाली गेल्यावरच लागतो आणि काटा जी हळूहळू उतरण्याची कथा सांगतो ती सांगत नाही. ज्यांच्याजवळ काट्याच्या गाड्या अद्याप आहेत त्यांनी तो काटा जपावा.

चाचांची गाठ १९९९ साली अफजलगंजला पडली. ते तेव्हा दुसऱ्या एका व्यापाऱ्याची गाडी चालवीत होते. जाळीवरच्या खपल्यांचा अर्थ आम्हांस तोवर पुरता समजला होता. कापलेली रक्कम आम्ही त्यांच्यापुढे केली आणि चूक आमची होती असे सांगितले. त्यांनी नोटा घेतल्या, शांतपणे मोजल्या, खिशात ठेवल्या. मग विचारले, "मीटर बदले क्या, सेठ?" मीटर तेच आहे आणि ते खरे आहे, असे आम्ही सांगितले. ते हसले. त्यांच्या गाडीवर धान्याची पोती चढविणे चालू होते. चिठ्ठी घेऊन ते तिकडे गेले.